मायक्रोसॉफ्टला कळतं की माझी विंडोज पायरेटेड आहे, मग ते ती बंद का पाडत नाहीत?

तुम्ही लिहून पाठवलेली हकीकत थोडक्यात अशी: सेकंडहँड लॅपटॉप घेतला, दुकानदाराने फॉरमॅट मारून विंडोज १० प्रो टाकून दिली, सहा-सात महिने सुरळीत गेले आणि मग उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही पुसट अक्षरं उमटली. मित्राने त्याच दुकानातून विंडोज टाकून घेतलीय, त्याची स्क्रीन मात्र स्वच्छ. असं का, मायक्रोसॉफ्ट बंद का पाडत नाही आणि कायद्याने काय होऊ शकतं, हे तुम्ही विचारलंत.

मी ठाण्यात छोटी ऑफिसं, सीए आणि दवाखान्यांचे कॉम्प्युटर बघतो, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं आहे. आणि एक सांगू? या क्षणी तुमच्या मित्राच्या मशीनपेक्षा तुमचं मशीन जास्त खरं बोलतंय.

चोरीचा माल कुठला, हे मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरला दिसतच नाही. त्याला दिसतं एवढंच की प्रॉडक्ट की (म्हणजे विंडोजच्या परवान्याचा कोड) कुठली आणि मशीन कुठलं. ॲक्टिव्हेशन म्हणजे ही की या मशीनवर चालायला हवी का, एवढीच तपासणी. तुम्ही पैसे मोजले की नाही, बिल आहे की नाही, दुकानदाराने काय सांगितलं, याचा त्यात कुठेच संबंध येत नाही. म्हणून पैसे भरलेला माणूस अडकतो आणि न भरलेला सुटतो, असं बऱ्याचदा होतं.

मित्राची स्क्रीन स्वच्छ का, ते बघू. मोठ्या कंपन्यांत शेकडो मशीन असतात. प्रत्येकाने मायक्रोसॉफ्टला जाऊन विचारायचं नाही म्हणून तिथे ‘केएमएस’ नावाची सोय असते. कंपनीच्या आतच एक सर्व्हर ठेवायचा, बाकीच्या मशीननी त्याच्याकडे हजेरी लावायची. एकदा हजेरी लागली की १८० दिवस चालतं, आणि मशीन साधारण दर सात दिवसांनी ती मुदत पुन्हा वाढवून घेतं. असे किमान २५ कॉम्प्युटर जमल्याशिवाय तो सर्व्हर कुणालाही हो म्हणत नाही. बाजारातले बरेच क्रॅक, म्हणजे पैसे न भरता विंडोज ॲक्टिव्हेट करून देणारे प्रोग्रॅम, नेमकं याचंच सोंग करतात: तुमच्याच लॅपटॉपमध्ये एक खोटा केएमएस सर्व्हर बसवतात, आणि विंडोज बिचारी त्यालाच कंपनीचा सर्व्हर समजून दर आठवड्याला हजेरी लावत राहते.

आता तुमचे सहा-सात महिने आठवा. माझा अंदाज असा की तुमच्या लॅपटॉपमधला हा खोटा सर्व्हर कधीतरी डिफेंडरने, म्हणजे विंडोजच्याच अँटिव्हायरसने, उचलून फेकून दिला, १८० दिवस भरले, हजेरी घ्यायला कुणी उरलं नाही, आणि अक्षरं आली. मित्राकडे तो सर्व्हर अजून जिवंत आहे.

खात्री करायची तर स्टार्ट मेनूतून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि इंग्रजी लहान अक्षरांत एस-एल-एम-जी-आर, मग एक जागा सोडून स्लॅश, त्याला चिकटून एक्स-पी-आर असं टाइप करून एंटर मारा. छोटी खिडकी उघडेल. ‘परमनंटली ॲक्टिव्हेटेड’ असं आलं तर बहुधा ठीक (बहुधा एवढ्यासाठीच, की हल्लीचे काही क्रॅक तेही दाखवतात). ‘व्हॉल्यूम ॲक्टिव्हेशन विल एक्स्पायर’ आणि पुढे तारीख आली, आणि लॅपटॉप कुठल्या कंपनीचा नसून तुमच्या घरचा आहे, तर विषय संपला, तो क्रॅक आहे. तारखेत २०३८ साल दिसलं तरीही. मित्राच्या मशीनवर हेच करून बघा, चेहरा बघण्यासारखा होईल.

आता तुमचा खरा प्रश्न: बंद का पाडत नाहीत? पाडून बघितलंय. महागात पडलं.

विंडोज एक्सपी २००१ मध्ये आली तेव्हा घरगुती विंडोजला पहिल्यांदाच ॲक्टिव्हेशन लागलं. ३० दिवसांत केलं नाही तर लॉगिनच बंद. मशीन ओळखायला ती हार्ड डिस्क, प्रोसेसर, रॅम, नेटवर्क कार्ड असे दहाएक भाग बघायची. फार बदलले तर पुन्हा ॲक्टिव्हेट करा. पण कंपन्यांना दिलेल्या कीला ॲक्टिव्हेशन लागतच नव्हतं, आणि त्यातली एक की एक्सपी दुकानात यायच्या आधीच फुटली. एफ-सी-के-जी-डब्ल्यूने सुरू होणारी. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात सीडी घेतलेल्या माझ्या पिढीतल्या पुष्कळांना ती अजून तोंडपाठ असेल. वर्षभराने आलेल्या सर्व्हिस पॅक १ ने (म्हणजे सुधारणांच्या मोठ्या अपडेटने) ती की नाकारली, तोवर जगभर जायची तिथे गेली होती.

मग २००५ मध्ये ‘विंडोज जेन्युइन ॲडव्हांटेज’ आलं. ॲडव्हांटेज कुणाचा, ते विचारू नका. आधी फक्त मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून काही उतरवताना तपासणी व्हायची. २००६ मध्ये ते अपडेटच्या वाटेने थेट मशीनमध्ये आलं, आणि रोज कंपनीच्या सर्व्हरशी संपर्क करतं हे उघड झाल्यावर अमेरिकेत आरडाओरडा झाला, कोर्टात दावेही पडले. संपर्काची वारंवारता कमी करावी लागली.

एक्सपीनंतरची विंडोज व्हिस्टा आणखी कडक होती. तपासणीत नापास झालात तर फक्त ब्राउझर, तोही तासभर, मग लॉगऑफ. आणि मग २००७ चा ऑगस्ट आला. मायक्रोसॉफ्टमधल्या कुणीतरी अजून तयार नसलेला कोड चुकून चालू सर्व्हरवर चढवला. त्यानंतर साधारण १९ तास तो सर्व्हर रीतसर विकत घेतलेल्या विंडोजनाही ‘तुम्ही अस्सल नाही’ म्हणत राहिला. व्हिस्टावाल्यांची पारदर्शक खिडक्यांची सजावट आणि अशाच काही सोयी गेल्या. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे १२,००० पेक्षा कमी मशीनना फटका बसला. आकडा लहान आहे, पण जरा त्या माणसाच्या जागी जाऊन बघा, ज्याने पूर्ण पैसे मोजलेत आणि कॉम्प्युटर त्यालाच चोर ठरवतोय. त्याच वर्षाच्या शेवटी कंपनीने जाहीर केलं की व्हिस्टाच्या सर्व्हिस पॅक १ पासून मशीन अडवून ठेवणं बंद, यापुढे फक्त सूचना.

२००८ मध्ये चीनमध्ये डेस्कटॉपचा वॉलपेपर दर तासाला काळा करण्याचा प्रयोग झाला. मशीन चालू राहायचं, नुसतं काळं व्हायचं. तेवढ्यावरही लोक खवळले. तुमच्या कोपऱ्यातली पुसट अक्षरं त्याच रांगेतली, सगळ्यात मवाळ.

बरं, सर्व्हर चुकणं थांबलंय असंही नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये अस्सल विंडोज १० प्रोची बरीच मशीन अचानक ‘ॲक्टिव्हेट नाही’ म्हणू लागली. पुढच्या जानेवारीत केएमएसवर चालणाऱ्या, म्हणजे मोठ्या ऑफिसांतल्या, विंडोज ७ ची तीच गत झाली. तेव्हा अक्षरांऐवजी कुलूप लागत असतं तर काय झालं असतं?

यात कंपनीचा परोपकार नाही, हिशोब आहे. घरी फुकट विंडोज वापरलेला पोरगा उद्या ऑफिसात विंडोजच मागणार, आणि ऑफिसाकडून पैसे वसूल होतात. म्हणून विंडोज १० चा सपोर्ट चालू होता तोवर सिक्युरिटी अपडेटही तुम्हाला मिळत होते. उघडी पडलेली मशीन व्हायरस पसरवतात आणि त्याचा त्रास पैसे भरणाऱ्या गिऱ्हाइकाला होतो, हेही त्यांना कळतं.

मला विचाराल तर अक्षरांची काळजी करू नका, क्रॅकची करा. क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात आणि ॲडमिन परवानगी मागतात. त्या दोन मिनिटांत आत आणखी काय शिरलं, हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. मायक्रोसॉफ्टच्या लोकांनी चीनमधल्या बाजारातून २० कॉम्प्युटर विकत घेऊन तपासले होते. नकली विंडोजच्या त्या मशीनपैकी चारांत व्हायरस आधीपासून बसलेला होता. ही गोष्ट २०१२ मध्ये उघड झाली. तुम्ही या लॅपटॉपवर नेट बँकिंग करत असाल, तर आधी पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला.

कायद्याचंही विचारलंत. कॉपीराइट कायद्याचं कलम ६३ ब जाणूनबुजून बेकायदा प्रत वापरणाऱ्याला लागू होतं: सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. माझ्या बघण्यात नोटिसा येतात त्या ऑफिसांना, घरच्या लॅपटॉपला नाही. पण त्याच लॅपटॉपवर क्लासची बिलं किंवा जीएसटी करत असाल तर ‘घरचा आहे’ हे म्हणणं टिकवणं अवघड.

आता उपाय, आणि तो बहुधा फुकट आहे. ब्रँडेड लॅपटॉप मुळात विंडोज १० सह विकलेला असेल तर त्याची की मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहिलेली असते. हार्ड डिस्क बदला, फॉरमॅट मारा, ती जात नाही. फक्त ती साधारणपणे होम या घरगुती एडिशनची असते, आणि दुकानदाराच्या पेनड्राइव्हमध्ये सगळ्यांसाठी प्रोच असते. ती की प्रोला चालत नाही, म्हणून त्याने क्रॅक मारला. म्हणजे मूळ मालकाने पैसे भरलेली अस्सल विंडोज तुमच्या लॅपटॉपमध्ये पडून आहे आणि तिच्यावर नकली बसवलीय! असे लॅपटॉप माझ्याकडे नेहमी येतात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून इन्स्टॉलर उतरवा, डेटा बाजूला काढा, डिस्क पूर्ण पुसून होम टाका. की विचारलीच तर ‘माझ्याकडे नाही’ निवडा. इंटरनेट जोडलं की आपोआप ॲक्टिव्हेट होते.

फक्त मदरबोर्ड बदललेला असेल तर हे जमणार नाही. सेकंडहँडमध्ये तेही असतं. तेव्हा ऑनलाइन तीनशे-चारशेला मिळणारी की घेऊ नका. कुठल्यातरी कंपनीच्या कोट्यातली असते, पुढे ब्लॉक होते आणि विकणारा फोन उचलत नाही. बजेटच नसेल तर विंडोज तशीच, ॲक्टिव्हेट न करता राहू दे. सेटिंग्जमधून वॉलपेपर बदलता येत नाही, बाकी काम होतं. कायद्याच्या दृष्टीने ती स्वच्छ नाही, पण आत क्रॅक तरी नाही. नुसतं ब्राउझर आणि टायपिंगचं काम असेल तर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाका, तिथे की हा प्रकारच नाही.

आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा पुसणारच आहात तर लॅपटॉपला ११ चालते का ते आधी बघा. १० होमची ती की ११ होमलाही चालते. मॉडेल नंबर कमेंटमध्ये टाकलात तर सांगतो.