टॉर्टिया करायचीय? आधी पिठाचं बघ

अगं, परदेशी पदार्थ करून बघायचेत म्हणतेस, पण एकदम पाच देशांचे काढू नकोस. तुझा भाकरीचा हात चांगलाय, तर मेक्सिकोची टॉर्टियाच घे, म्हणजे तिकडची मक्याची पातळ भाकरी. पण आपल्या वाण्याकडचं मक्याचं पीठ इथे चालत नाही, कडा फाटतात. तिकडे सुका मका चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी चोळून धुतात, सालं गेली की ओलाच वाटतात. चुन्यामुळे पीठ धरून राहतं, शिवाय मक्यातलं नायसिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, अंगी लागतं. घरी अर्धा किलो मक्याला खायच्या चुन्याची ५ ग्रॅम पूड पुरे. भांडं स्टीलचं, ॲल्युमिनियम नको. आणि स्वीट कॉर्न तर मुळीच नको!

एवढा खटाटोप नको असेल तर क्रॉफर्ड मार्केटात परदेशी मालाच्या दुकानांत ‘मासा हारिना’ विचार, म्हणजे असंच चुन्यात शिजवलेल्या मक्याचं तयार कोरडं पीठ. कॉर्नफ्लोअर देतील, घेऊ नकोस, तो नुसता स्टार्च.

कृती कुणाला देशील तेव्हा मूळ प्रमाण जसंच्या तसं लिही, आपले बदल खाली वेगळे. कणीक मिसळलीस तर आवर्जून सांग, काहींना गहू चालत नाही. तवा बिडाचा असू दे, चांगला तापल्याशिवाय पहिली टाकू नकोस.