भूतकाळ नसतानाही इंग्रजीत कुड, वुड का वापरतात?

तुम्ही विचारलंय की कॅन म्हणजे शकतो, कुड म्हणजे शकलो असं शाळेत पाठ केलं, मग समोरचा माणूस आत्ता चहा मागताना 'कुड आय हॅव अ कप ऑफ टी' का म्हणतो? आणि ही मोडल क्रियापदं, म्हणजे मुख्य क्रियापदाला शक्यता, सक्ती, सल्ला अशी छटा देणारी कॅन-कुड-मस्टसारखी क्रियापदं, बोलताना पटकन सुचावीत कशी?

मी मास्तर नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात एका हळद व्यापाऱ्याकडे ऑफिस बघतो. परदेशी गिऱ्हाइकांना मेल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि ठेचा खात खात जे कळलं ते सांगतो.

आमच्या दुकानात दिवसातून दहादा एक वाक्य कानावर पडतं. माणूस दारात चपला काढतो, आत डोकावतो आणि म्हणतो, "मालक, जरा काम होतं." आता काम आहे म्हणून तर तो उन्हातान्हाचा आलाय. तरी 'होतं' म्हणतो. बँकेच्या खिडकीशी आपण 'चौकशी करायची होती' म्हणतो, डॉक्टरांकडे 'जरा दाखवायचं होतं'. भूतकाळात बोललं की माणूस एक पाऊल मागे उभा राहतो आणि समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा मिळते. कुड आणि वुड हेच करतात. कॅनचं कुड, विलचं वुड, मेचं माइट, शॅलचं शुड ही मुळात भूतकाळी रूपंच. आज ती काळापेक्षा हे मागे सरकणंच जास्त दाखवतात, कधी अदबीनं, कधी खात्री नसल्यामुळं. तेव्हा चहाचं ते वाक्य 'चहा मिळू शकला का' असं ऐकू नका, 'जरा चहा हवा होता' असं ऐका.

मला हे कळायच्या आधी एक घोळ झाला. पहिल्याच वर्षी एका गिऱ्हाइकाला मी लिहिलं, 'यू मस्ट सेंड द ॲडव्हान्स टिल फ्रायडे.' मनात मराठी वाक्य होतं, शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स यायला पाहिजे. आपल्या कानाला त्यात काही वावगं नाही. दोन दिवसांनी एका ओळीचं कोरडं उत्तर आलं. मालकांनी विचारलं, "काय लिहिलंवतंस? मराठीत सांग." सांगितलं. "मग पाव्हणा रुसला कशानं?" रुसला मस्टनं. समोरच्याला काही करायला सांगताना मस्ट टाकला की दम दिल्यासारखं वाटतं. आता मी लिहितो, 'कुड यू सेंड द ॲडव्हान्स बाय फ्रायडे?' (टिलसुद्धा चूकच होतं. अमुक दिवसाच्या आत असं म्हणायचं तर बाय.)

दोष आपल्या 'पाहिजे'चा. हा एकच शब्द तीन खुर्च्यांवर बसतो. म्हणून इंग्रजीत जाण्याआधी मराठीतच तो फोडून बघा. 'जीएसटी भरावा लागतो', म्हणजे सक्ती बाहेरची, तिथं हॅव टू. 'तू जरा लवकर निघायला हवंस', म्हणजे सल्ला, तिथं शुड. बोलणारा स्वतः आग्रह धरतोय, 'जायचंच' म्हणतोय, तिथं मस्ट. मस्टला भूतकाळ नाही, काल जावं लागलं तर हॅड टू.

नकारात तर हा फरक महागात पडतो. 'मस्ट नॉट' म्हणजे करता कामा नये. 'डोन्ट हॅव टू' म्हणजे नाही केलं तरी चालतं. 'यू मस्ट नॉट ओपन द बॅग्ज' लिहिलं तर माल उतरवणारा पोत्यांना हात लावणार नाही आणि 'यू डोन्ट हॅव टू ओपन द बॅग्ज' लिहिलं तर तो खुशाल उघडेल. मराठीत 'कामा नये' आणि 'तरी चालेल' यांची गल्लत आपण कधीच करत नाही, मग इंग्रजीत का करावी?

आता दुसरी बाजू, अंदाजाची. हीच क्रियापदं माणसाला सोडून बातमीला चिकटतात. सांगलीकराला हे पुरावरून लगेच कळेल. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. पावसाळ्यात आमच्याकडे सकाळी चहाच्या आधी 'किती फूट?' विचारतात. पाणी अडतीसवर आहे आणि कोयनेतून विसर्ग वाढवलाय, तर 'द वॉटर मे क्रॉस फॉर्टी', चाळीस ओलांडेलही. पाऊस उघडलाय, तरी सांगता येत नाही, तर 'माइट', एखादवेळ ओलांडेल. इथंही माइट मेपेक्षा पाऊलभर मागेच. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तेव्हा विश्रामबागेत बसून आम्ही आकडा ऐकायचो आणि म्हणायचो, "म्हणजे मारुती चौकात पाणी शिरलं असणार." डोळ्यांनी कुणी पाहिलं नव्हतं, आकड्यावरून ताडलेलं. हे 'असणार' म्हणजे 'मस्ट हॅव'. 'शिरलं असेल' म्हणजे 'मे हॅव'. आणि सामान वेळेत माडीवर न चढवलेला माणूस नंतर जे म्हणतो, 'आधीच हलवायला हवं होतं', ते 'शुड हॅव'. यात काम झालेलंच नाही हे गृहीत असतं.

उरला 'शकणे'. मराठीत शकतो, शकलो, शकेन असं सगळं चालतं, म्हणून आपली मुलं 'आय विल कॅन कम' लिहितात. मोडलमागे मोडल लागत नाही, 'विल बी एबल टू' म्हणावं लागतं. 'ही कॅन्स'ही होत नाही. आणखी एक फसगत म्हणजे काल धावत जाऊन बस गाठली, तर 'आय कुड कॅच द बस' नको. एकदाच घडलेल्या, साधलेल्या गोष्टीला 'वॉज एबल टू'. चुकली असेल तर मात्र 'कुडन्ट' बिनधास्त.

गंमत म्हणजे कॅनचं मूळ 'जाणणे' या अर्थाचं आहे, आपल्या ज्ञा धातूच्याच गोतावळ्यातलं. त्यामुळं 'आय कॅन स्विम'ला 'मी पोहू शकतो'पेक्षा 'मला पोहता येतं' हे जास्त जवळचं. आणि कुडमध्ये जो एल आहे तो वुड-शुडच्या संगतीनं नंतर घुसलेला, त्याचा उच्चार शोधत बसू नका.

शॅलची काळजी करू नका. 'शॅल आय ओपन द विंडो?' म्हणजे 'खिडकी उघडू का?', एवढं आलं तरी पुरे. बाकीचा शॅल करारनाम्यात भेटतो. तो आला की आमचे मालक कागद वकिलाकडे पाठवतात.