हृदय बंद पडून पुन्हा सुरू झाल्यावर आयसीयूत वारंवार इको का करतात?

तुम्ही लिहिलंय की वडिलांचं हृदय घरीच बंद पडलं, सीपीआर देऊन परत सुरू झालं, आता ते व्हेंटिलेटरवर आहेत. पहिल्या इकोनंतर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीनंतर, 'हार्ट २५ टक्केच चालतंय' असं सांगितलं, तरी दोन दिवसांत आणखी दोनदा इको केला. हे बिल वाढवायला तर नाही ना, असं तुम्ही विचारताय. मी आयसीयूत काम करणारी डॉक्टर आहे. वडिलांचे रिपोर्ट मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे बिलाबद्दल बोलत नाही. पण अशा पेशंटचा इको परत करण्यामागे खरंच कारण असतं.

आधी तो आकडा. डाव्या खालच्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती टक्के बाहेर पडतं, ते म्हणजे ईएफ. १२० मिली भरलं आणि ७० मिली बाहेर गेलं, तर ईएफ झाला ५८. धडधाकट माणसाचा ईएफही साधारण ५५ ते ७० असतो, शंभर कुणाचाच नसतो. म्हणून २५ ऐकून 'पाऊण हृदय गेलं' असं धरून बसू नका. रेसिडेंट असताना मी एका पेशंटच्या मुलाला असाच नुसता आकडा सांगून पुढच्या पेशंटकडे गेले होते. तो दोन दिवस फोनवर सगळ्या नातेवाइकांना तेच सांगत होता. तिसऱ्या दिवशी ईएफ ४५ आला. त्या दोन दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

मांडी घालून फार वेळ बसलं की पायाला मुंग्या येतात. पाय शाबूत असतो, पण उभं राहायला जावं तर भार घेत नाही. रक्त थांबून परत सुरू झालेल्या हृदयाचं काहीसं तसंच होतं. रक्तवाहिन्यांत अडथळा नसला, तरी पहिल्या काही तासांत पंपिंग घसरू शकतं. पॅरिसच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये असे पेशंट अभ्यासले. ज्यांचं बीपी डळमळीत होतं, त्यांच्यात हृदयाकडून जाणारं रक्त सुरुवातीच्या तासांत कमी होतं, २४ तासांत वाढू लागलं आणि ७२ तासांपर्यंत बऱ्याच अंशी सावरलं. पहिला इको नेमका या घसरणीत केलेला असतो. दुसरा हाती आल्याशिवाय किती नुकसान तात्पुरतं आणि किती कायमचं, हे कळत नाही. अर्थात मोठा हार्ट अटॅक आलेला असेल, तर सगळं भरून येतंच असं नाही.

पहिल्या इकोत आम्ही मुळात कारण शोधत असतो. हृदयाभोवती पाणी किंवा रक्त साचून ते दाबलं गेलंय का? तसं असेल तर ते तातडीने काढावं लागतं. भिंतीचा एखादाच भाग हलत नसेल, तर ईसीजीसोबत पाहून अँजिओग्राफीचा विचार होतो. उजवी बाजू फुगलेली दिसली की फुप्फुसात गुठळी गेल्याची शंका येते. इथे मात्र घाई करून चालत नाही, कारण हृदय बंद पडल्यावर उजवी बाजू एरवीही फुगते. शिवाय इकोसाठी पेशंटला कुशीवर वळवता येत नाही, मग बरेचदा फासळ्यांच्या खालून, पोटाकडून प्रोब (इकोचं अंगावर टेकवायचं उपकरण) लावून मिळेल तेवढं बघायचं.

नंतरचे इको उपचारांसाठी. बीपी पडलेलं आहे ते पंप कमजोर म्हणून, की रक्तवाहिन्या सैल पडल्या म्हणून? दोन्हीची औषधं वेगळी. कमजोर हृदयाला सलाईन जास्त झालं तर पाणी फुप्फुसात उतरतं.

एक गोष्ट इको सांगू शकत नाही, ती म्हणजे मेंदूचं काय झालं. ईएफ ६० झाला तरी पेशंट शुद्धीवर येईलच असं नसतं, आणि २५ असतानाही कुणी डोळे उघडून हाक ओळखतं. मेंदूबद्दलचा अंदाज किमान ७२ तास उलटल्यावर, झोपेच्या औषधांचा असर गेल्यावर, अनेक तपासण्या एकत्र पाहून करतात. उद्या राउंडला डॉक्टर भेटले की दोन प्रश्न वेगवेगळे विचारा: पहिल्या इकोपेक्षा आजच्यात काय बदललं, आणि मेंदूची तपासणी कधी करणार?