खाणीतले पांढरे खडे

प्रश्न : कोल्हापूरजवळच्या बंद दगडखाणीत काळ्या दगडाच्या पोकळीत पांढरे खडे मिळाले. गारगोटी असेल का? ब्रशने घासून धुऊ?

उत्तर : ताई, घासू नका! माझ्या पहिल्या स्टिल्बाइट या नाजूक खनिजाच्या पाकळ्या मी अशाच मोडल्या, अजून हळहळ वाटते. आपल्या बेसाल्टच्या, म्हणजे या काळ्या दगडाच्या, पोकळ्यांत झिओलाइट (स्टिल्बाइट याच गटातलं), कॅल्साइट (चुनखडीतलं खनिज), गारगोटी सगळंच सापडतं. तुटका कण घ्या. चाकूनं सहज ओरखडा उठला आणि पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाच्या थेंबाखाली फसफसला, तर कॅल्साइट. गारगोटी उलट काचेवरच ओरखडा काढते. मधे आवळलेल्या गव्हाच्या पेंढीसारखा जुडगा आणि मोत्याची झाक दिसली, तर स्टिल्बाइटच समजा. प्रत्येक खड्यासोबत जागा, तारीख लिहिलेली चिठ्ठी ठेवा. खाणमालकाला विचारूनच जा, पावसाळ्यात कड्याखाली अजिबात थांबू नका.