बजेटला सूचना द्यायच्या तर डिसेंबरातच द्या

(या वेळी बहुतेक पत्रं कोल्हापूर महापालिकेवर आलीत. लोकांना विचारून काम ठरवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, असा सगळ्यांचा सूर. काही प्रश्न जरा कापून घेतलेत, राग धरू नका.)

प्रश्न : बजेटला नागरिकांनी सूचना द्याव्यात म्हणतात. मी दोन फुलस्केप लिहून तयार ठेवलेत, पार्किंग, भटकी कुत्री, रंकाळा, पंचगंगा, सगळं आलंय त्यात. पण वाचत्यात तरी का कोण ह्या सूचना? — निवृत्त शिक्षक, शिवाजी पेठ

सर, वाचणारा असतो, पण तो वाचून करणार काय हा खरा प्रश्न आहे. बजेट बनतं कसं बघा. थंडी पडायच्या सुमारास लेखा विभाग प्रत्येक खात्याला विचारतो की पुढच्या वर्षी तुम्हाला किती पाहिजेत, खाती आपापले आकडे देतात, त्यातनं आयुक्तांचं अंदाजपत्रक तयार होतं, मग ते स्थायी समितीकडं आणि तिथनं महासभेत. 1 एप्रिलला नवीन वर्ष सुरू होतं म्हणजे 31 मार्चच्या आत सगळं उरकायचं. फेब्रुवारीत तुमचं पत्र गेलं तर तोवर आकडे बसलेले असतात आणि कुणाचा तरी आकडा काढल्याशिवाय तुमचा आत जात नाही, आणि काढू कोण देतंय. म्हणून डिसेंबर, लई झालं तर जानेवारीचा पहिला आठवडा.

दुसरं म्हणजे पैसा. बजेट कोटीत दिसतं म्हणून आपल्याला वाटतं लई आहे, पण पगार, पेन्शन, पाणी उपशाचं वीजबिल, मागच्या कामांची ठेकेदारांची देणी, हे आधीच ठरलेलं. अमृत, नगरोत्थान असल्या केंद्र-राज्याच्या योजनांचा पैसा त्या त्या कामालाच बांधलेला, वर त्यात आपला हिस्सा भरायचा. हे सगळं जाऊन जे उरतं तेवढ्यावरच 'लोकांना काय पाहिजे' ही चर्चा होऊ शकते. आणि नेमकं तेवढं किती उरलंय हे लोकांना न सांगता सूचना मागवायच्या म्हणजे, माझं स्पष्ट मत, टाईमपास आहे, मग ते कुठल्याही शहरात असो. आकडा आधी सांगा, मग विचारा की एवढ्यात गटार आधी का दिवे आधी. 'तुम्हाला काय पाहिजे' विचारलं की माणूस दोन फुलस्केपच लिहिणार, त्यात तुमची काय चूक.

तर त्या फुलस्केपचं काय करायचं? तुकडे करा. फाईल हलते ती हेडवर (बजेटमधल्या खर्चाच्या शीर्षकावर), 'पंचगंगा स्वच्छ करा' ह्याला एक हेड नाही, ते दहा खात्यांत विभागलेलं आहे. एका कागदावर एकच काम. साधारण असं लिहा, 'अमुक बोळात तमुक घरापासून कोपऱ्यावरच्या चेंबरपर्यंत गटार उघडी आहे, लांबी अंदाजे 60 मीटर, पावसात पाणी सहा घरांत शिरतं, स्लॅब टाकून बंदिस्त करावी.' खाली त्या सहा घरांच्या सह्या, सोबत फोटो. हे वाचून कनिष्ठ अभियंता तिथं जाऊन टेप लावू शकतो, एस्टिमेट काढू शकतो. विभागीय कार्यालयात द्या (गांधी मैदान, शिवाजी मार्केट, राजारामपुरी, ताराराणी मार्केट, ह्यातलं तुमचं जे असेल ते), आवक नंबर घ्या. आणि मार्चनंतर त्याच नंबरवर विचारा, तरतूद झाली का, नसेल तर कारण काय. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकार आहेच, 10 रुपये आणि 30 दिवस.

प्रश्न : ऑनलाईन सर्व्हेची लिंक येते, स्टार द्यायचे, पर्याय निवडायचे. हे मतदान धरतात का? आमच्या होस्टेलवर एकेकानं चार-चार वेळा भरलंय. — विद्यार्थी, शिवाजी विद्यापीठ परिसर

तुझ्याच पत्रात उत्तर आलं की भावा! असल्या लिंकवर जो भरतो त्याचंच मत दिसतं, आणि ज्याला मोबाईल चाळायला सवड आहे तो भरतो. ज्या बाईच्या नळाला पहाटे चारला पाणी येतं ती काय स्टार देत बसत नाही. शिवाय सगळ्या लिंका एकसारख्या नसतात. स्वच्छ सर्वेक्षण 2016 पासून चालू आहे, त्यात नागरिकांच्या फीडबॅकला मार्क असतात म्हणून सगळीकडची ऑफिसं 'भरा भरा' म्हणून मागं लागतात, पण तो शहराच्या रँकिंगचा खेळ आहे, त्यावरनं तुमच्या गल्लीत काय होणार ते ठरत नाही.

खरं मत पाहिजे असेल तर घरं चिठ्ठ्या टाकून निवडायची आणि माणूस दारात पाठवायचा, पहिल्यांदा घर बंद असेल तर परत पाठवायचा. यादी घरफाळ्याची (घराच्या कराची) घेतली तर भाडेकरू सुटतात, मतदार यादी घेतली तर तुम्ही होस्टेलवाले सुटता, दोन्ही ध्यानात धरून करावं लागतं. खर्च येतो, पण फार नाही. पुण्यात 2006 पासून वेगळी रीत आहे, नागरिक फॉर्म भरून आपल्या भागातली छोटी कामं सुचवतात आणि ती छाननी होऊन बजेटमध्ये जातात. ब्राझीलच्या पोर्तो आलेग्रेत तर 1989 पासून वस्तीवस्तीत सभा घेऊन पैशाचं ठरवायला सुरुवात झाली. पुण्यात सगळं गोड आहे असं नाही, बाकडी आणि नावाच्या पाट्याच फार होतात अशी तिथल्याच लोकांची कुरकुर असते, पण निदान फॉर्मला रांग कुठली आणि तारीख कुठली हे तरी माणसाला कळतं.

प्रश्न : आमच्या भागातल्या रस्त्याचा विषय लोकशाही दिनात मांडू का? — वाचक, टाकाळा

नको. अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो हा दिवस, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, पण अर्ज ठरलेल्या नमुन्यात 15 दिवस आधी द्यावा लागतो आणि मुख्य म्हणजे तक्रार वैयक्तिक लागते. भागाचा रस्ता त्यात बसत नाही. तुमच्या घरफाळ्याच्या बिलात घोळ असेल तर जरूर जा.

प्रश्न : भागात कसलीबी मीटिंग लागली की संध्याकाळी सातला, मंडळाच्या हॉलात. स्वयंपाकाची वेळ. गेलं तर माईक पुढच्या चौघांकडं, आम्ही मागं. आमचं म्हणणं पोचवायचं कसं? — गृहिणी, कसबा बावडा

ताई, तुमचं पत्र मी ऑफिसात दोघांना वाचून दाखवलं, दोघंही गप्प झाले कारण दोघंही पुढच्या चौघातले.

आधी वेळ. सातच्या ऐवजी दुपारी तीन-साडेतीनला, अंगणवाडीत नाहीतर शाळेच्या वर्गात घ्यायला सांगा. बोलवायचं काम मंडळावर सोडू नका, बचत गट, आशाताई, अंगणवाडीच्या बाई ह्यांच्याकडनं निरोप फिरला की निम्मी गल्ली येते. मग माईकच ठेवायचा नाही. भिंतीवर कागद लावायचे, एकावर 'पाण्याची वेळ', एकावर 'गटार', एकावर 'दिवे', 'केएमटी बसचा थांबा', 'बायकांचं स्वच्छतागृह', जे काय असेल ते, अक्षर मोठं, सोबत चित्र म्हणजे वाचता न येणारीलाही कळेल. येणाऱ्या प्रत्येकीला टिकलीच्या पाकिटातल्या तीन टिकल्या द्यायच्या, जे आधी व्हायला पाहिजे तिथं लावायच्या. तिन्ही एकाच कागदावर लावल्या तरी चालतंय. एक काळजी घ्या, सगळ्यांनी एकदम लावायचं नाही, नाहीतर पहिल्या दोघी जिथं लावतात तिथंच बाकीच्या लावतात, खास करून त्यातली एक सासू असेल तर. आडोशाला एकेकीनं जाऊन लावायचं. शेवटी मोजायचं, सगळ्यांसमोर, आणि कागदाचा फोटो काढून अर्जाला जोडायचा.

पाण्याचं तर मुद्दाम सांगतो. काळम्मावाडीची थेट पाईपलाईन किती वर्षं आपण ऐकत होतो, शेवटी नोव्हेंबर 2023 ला ऐन दिवाळीत पाणी शहरात आलं. पण धरणातनं पाणी शहरात येणं वेगळं आणि गल्लीच्या टोकाच्या नळाला प्रेशर असणं वेगळं. कुठला व्हॉल्व्ह कधी सोडतात, कुठल्या घरात दुसऱ्या मजल्यावर चढत नाही, कोण मोटर लावून ओढतंय, हे कुठल्याही नकाशात नाही, ते तुम्हाला पाठ आहे. म्हणून 'पाणी नीट द्या' असं लिहू नका, आठ दिवस वेळ टिपा, कॅलेंडरवरच, आणि ते पान द्या.

प्रश्न : आता एका प्रभागात चार-चार नगरसेवक. कुणाला धरायचं? प्रत्येकजण दुसऱ्याकडं बोट दाखवेल. — दुकानदार, लक्ष्मीपुरी

नोव्हेंबर 2020 ला आधीच्या नगरसेवकांची मुदत संपली तेव्हापासनं प्रशासक होते, म्हणजे धरायला एकही नव्हता, आता एकदम चार. 15 जानेवारी 2026 च्या निवडणुकीत 81 जागा आणि 20 प्रभाग (एकात पाच, बाकी सगळ्यांत चार), म्हणून हे असं झालं. सोपा उपाय, अर्ज एकच करा आणि चौघांना एक-एक प्रत, वर चौघांचीही नावं घाला म्हणजे प्रत्येकाला कळतंय की बाकीच्या तिघांना कळलंय.

पण ह्याच्यापेक्षा कायद्यात जे आहे ते मागा. 74 व्या घटनादुरुस्तीत 3 लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना प्रभाग समित्या सांगितल्यात, आपली 2011 ची लोकसंख्या 5,49,236, म्हणजे आपण त्यात आलो. त्या समितीवर सामाजिक संस्थांचे तीनपर्यंत सदस्य घेता येतात. आणि 2009 ला आपल्या राज्यानं क्षेत्रसभेचीही तरतूद केली, काही मतदान केंद्रं मिळून एक क्षेत्र, तिथल्या मतदारांनी बसून कामांचा क्रम सुचवायचा, दिवे कुठं, नळ कुठं. राज्यात ती बहुतेक कागदावरच राहिली. तुमच्या चौघांना एवढंच विचारा की आमची क्षेत्रसभा कधी लावताय. चौघंही नवीन उत्साहात आहेत तोवर विचारा.

प्रश्न : सूचना, अर्ज, पोच, हे सगळं कशाला ओ? कोल्हापुरात मोर्चा काढला की होतंय. शहरातल्या रस्त्यांवरचा टोल घालवला की नाही? — तालमीतला कार्यकर्ता, मंगळवार पेठ

घालवला, मान्य. प्रा. एन. डी. पाटील उन्हातान्हात पुढं चालायचे आणि अख्खं शहर मागं, पक्ष बिक्ष सगळं बाजूला, डिसेंबर 2015 ला सरकारला टोल रद्द केल्याचं जाहीर करावं लागलं. पण जरा मागं जाऊन बघा, लोक रस्त्यावर आले तोवर करार झाला होता, रस्ते झाले होते, नाके उभे होते. पैसे आपण भरायचे आणि करार करताना आपल्याला कुणी विचारलं नव्हतं, राग त्याचा होता. 'हे नको' म्हणायला टोलविरोधी कृती समितीसारखं हत्यार नाही आणि त्यात आपला हात कुणी धरू शकत नाही. पण दहा रस्त्यांचे पैसे चारच्यात बसवायचेत आणि कुठले चार, हे मोर्चातनं कसं ठरणार? ज्या पेठेचा मोर्चा मोठा तिचा रस्ता आधी. तुमची पेठ जिंकेल, पण सुभाषनगर, कदमवाडीचं काय?

तुमच्यासारख्यांनी तर ताकद आधीच लावायला पाहिजे. शहराचा विकास आराखडा प्रसिद्ध झाला की 1966 च्या नगररचना कायद्याप्रमाणं हरकती-सूचना मागवतात, सुनावणी असते. तेव्हा तालमीत नकाशा भिंतीला लावा, आरक्षणं (कुठली जागा कशासाठी राखलीय ते) लाल पेननं दाखवा, पोरांना एकेक पट्टा वाटून द्या. मोर्चाला हजार माणूस आणता ना, त्यातले शंभरजण मुदतीत हरकत घेऊन गेले तरी सुनावणीत बसायला जागा पुरणार नाही.

प्रश्न : आम्ही उचगावचे. कामधंदा शहरात, राहायला हद्दीबाहेर. आमच्या सूचना महापालिका घेणार का? — वाचक

सूचना कुणीही देऊ शकतो, पण बजेटवर तुमचा हक्क नाही. हद्दवाढ 1972 ला महापालिका झाली तेव्हापासनं नुसती गाजतेय, शहर म्हणतंय पाहिजे, गावं म्हणतात नको, आणि ह्या सदरात त्यात पडायची माझी हिंमत नाही. पण तुमच्याकडं एक गोष्ट आहे जी आम्हा शहरवाल्यांकडं नाही, ग्रामसभा. वर्षात किमान चार घ्याव्याच लागतात, तिथं कुठलाही मतदार उभा राहून सरपंचाला हिशोब विचारू शकतो. आमच्या महासभेत आम्ही फार तर गॅलरीत बसायचं, तेही तोंड मिटून. गावाच्या विकास आराखड्यातली कामं ग्रामसभेतच मंजूर होतात, तेव्हा पुढच्या सभेची नोटीस कधी लागते ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याला (पूर्वीचा ग्रामसेवक) आजच विचारून ठेवा, आणि तुमचा विषय नोटीस निघायच्या आधी लेखी द्या, म्हणजे ऐनवेळचा विषय म्हणून मागं ढकलता येणार नाही.