मोठ्या नदीचे संरक्षण करायचे असेल, तर सुरुवात कोठून करावी?

आपला प्रश्न असा आहे की, आपला गट एका मोठ्या नदीच्या काठी दर महिन्याला स्वच्छता मोहीम राबवतो, प्रत्येक वेळी पोतीच्या पोती कचरा निघतो, तरीही पाण्याची अवस्था वर्षागणिक खालावतच चालली आहे. मग चुकते कोठे, आणि लोकांच्या मनात नदीविषयी आपुलकी कशी निर्माण करावी? भूजल आणि मृद्‌संधारण या क्षेत्रात मी बरीच वर्षे काम केले आहे, त्या आधारावर उत्तर देतो. आपल्या मोहिमेत चूक काही नाही. फक्त ती ज्या जागी सुरू होते, तेथवर पोहोचेपर्यंत नदीचे बरेवाईट होऊन गेलेले असते.

ज्या जमिनीवर पडलेला पाऊस उतारावरून वाहत अखेरीस एकाच प्रवाहाला मिळतो, ती सगळी जमीन म्हणजे त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र. अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे पाणलोट क्षेत्र सुमारे ३२ लाख चौरस किलोमीटर आहे. या नदीच्या मुखाशी, मेक्सिकोच्या आखातात, दर उन्हाळ्यात समुद्रतळालगतच्या पाण्यातील प्राणवायू जवळजवळ संपतो. मासे तेथून निघून जातात आणि ज्यांना हलता येत नाही असे तळाचे जीव मरतात. याचे मुख्य कारण म्हणजे शेकडो मैल आतल्या शेतांतून वाहून आलेली नत्र आणि स्फुरदयुक्त खते, ज्यांच्यावर शेवाळ माजते आणि ते कुजताना प्राणवायू खाऊन टाकते. त्या किनाऱ्यावर कितीही झाडलोट केली, तरी या रोगाला ती लागू पडणार नाही.

नकाशात नदी जाड निळ्या रेघेने दाखवतात, त्यामुळे आपले लक्ष त्या रेघेवरच खिळते. जलवैज्ञानिक मात्र प्रवाहांना क्रम देतात: ज्याला दुसरा कोणताही प्रवाह येऊन मिळत नाही तो पहिल्या क्रमाचा, असे दोन एकत्र आले की दुसऱ्या क्रमाचा, आणि याप्रमाणे पुढे. एखाद्या नदीप्रणालीतील सगळ्या प्रवाहांची लांबी मोजली, तर तिच्यातील निम्म्याहून बरीच अधिक लांबी या अगदी लहान, बहुधा नावही नसलेल्या ओहोळांची भरते. त्यांतील कितीतरी ओहोळ वर्षातील बरेच महिने कोरडे असतात, म्हणून ते 'नाहीत' असे धरून कोणी नांगरतो, कोणी भराव टाकून सपाट करतो, कोणी त्यांच्यावर बांधकाम करतो. खरे पाहता पाण्यातील नत्राचा बराचसा भाग याच उथळ, संथ प्रवाहांच्या तळातील सूक्ष्म जीव वायुरूपात परत हवेत सोडत असतात, आणि पुढच्या अन्नसाखळीला लागणारा पालापाचोळाही येथूनच प्रवाहात पडतो. असा एक ओहोळ बुजला, तर कोणाच्या लक्षातही येत नाही. शेकडो बुजले, की खाली मोठ्या नदीला वारंवार पूर येऊ लागतात आणि दोष मात्र पावसाला दिला जातो.

आता जमिनीकडे येतो, कारण माझ्या मते या सगळ्या विषयाचे मर्म तेथे आहे. उघड्या मातीवर पावसाचा थेंब आदळला की मातीचे कण सुटे होतात, त्यांतील बारीक कण जमिनीच्या छिद्रांत बसतात आणि वरचा थर लिंपल्यासारखा होतो. मग पाणी आत मुरण्याऐवजी गाळ घेऊन धावत सुटते. त्याच उतारावर गवत, झुडपे किंवा पाचोळ्याचे आच्छादन असेल, तर थेंबाचा मार आच्छादन सोसते आणि पाणी मुळांच्या वाटेने खाली उतरते. हे मुरलेले पाणी सावकाश सरकत आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनी झऱ्यांच्या रूपाने प्रवाहात येते. पाऊस थांबून कित्येक आठवडे उलटल्यावरही जी नदी वाहते, ती बर्फ वितळून आलेले किंवा धरणातून सोडलेले पाणी वगळता, या भूजलावरच वाहत असते. म्हणून पुराची उंची वाढणे आणि कोरड्या दिवसांत धार आटणे या दोन तक्रारी लोक वेगवेगळ्या मांडत असले, तरी पुष्कळदा त्या एकाच कारणातून उद्भवतात. काठालगतच्या विहिरी आणि विंधनविहिरी अतोनात उपसल्या, तर नदीकडे येणारे हे पाणी वाटेतच अडते, आणि पुढे पुढे नदीचेच पाणी जमिनीत ओढले जाऊ लागते.

येथे एक अनुभव सांगतो. एका ठिकाणी हेतू उत्तम असूनही एका ओढ्याचे पात्र यंत्रांनी खोल आणि सरळ करण्यात आले होते. आसपासच्या विहिरींची पातळी आम्ही नियमित मोजत होतो. तळातील वाळू आणि गोटे निघून गेले, पात्र शेजारच्या उथळ जलधरापेक्षा, म्हणजे भूजल साठवणाऱ्या थरापेक्षा, खाली गेले, आणि त्या जलधरातील पाणी ओढ्यात झिरपून लवकर वाहून गेले. पहिल्या वर्षी ओढ्यात पाणी दिसले म्हणून सगळे खूश होते. विहिरी आधीपेक्षा लवकर कोरड्या पडू लागल्या, तेव्हा मात्र त्याचा या कामाशी संबंध जोडायला कोणी तयार होईना. डोह, खळाळ, वळणे आणि वाळूचे थर यांना अडगळ समजून काढून टाकणाऱ्या कोणत्याही 'सुधारणे'कडे मी तेव्हापासून संशयाने पाहतो. काठाला काँक्रीटच्या भिंती घालून वर फरशी आणि दिवे बसवण्याच्या योजनांबद्दलही माझे मत याहून वेगळे नाही.

मोठी नदी सुधारू शकते का, या शंकेला ऱ्हाईन नदीचे उदाहरण पुरेसे आहे. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बाझल शहराजवळ रसायनांच्या एका गोदामाला आग लागली, ती विझवताना वापरलेल्या पाण्याबरोबर कीटकनाशके नदीत गेली, पाणी लाल झाले आणि खाली शेकडो किलोमीटरपर्यंत ईल मासे मोठ्या संख्येने मेले. नदीकाठच्या देशांचा संयुक्त आयोग १९५० पासूनच अस्तित्वात होता, परंतु १९८७ मध्ये त्याने जो कृती आराखडा स्वीकारला, त्यात २००० सालापर्यंत सामन मासा नदीत परतला पाहिजे, असे उद्दिष्ट ठेवले. हे उद्दिष्ट मला फार शहाणपणाचे वाटते. सामन समुद्रातून उलटा पोहत वरच्या उपनद्यांतील स्वच्छ गोट्यांवर अंडी घालतो, म्हणून तो परतायचा तर सांडपाणी शुद्ध करून भागत नाही. बंधाऱ्यांवर माशांसाठी वाट काढावी लागते आणि उपनद्यांचे तळही गाळापासून जपावे लागतात. सामन ठिकठिकाणी परतला, तरी त्याची संख्या अजून स्वबळावर टिकण्याइतकी नाही, आणि शेतीतून येणारे नत्र हा तेथेही चिवट प्रश्न राहिला आहे. कारखान्याची नळी शोधून बंद करता येते. लाखो शेतांतून पाझरणाऱ्या पाण्याला अशी एक तोटी नसते.

त्यासाठी वरच्या आणि खालच्या लोकांत व्यवहार ठरावा लागतो. न्यूयॉर्क शहराने १९९७ मध्ये, जेथून त्याचे पिण्याचे पाणी येते त्या कॅट्सकिल डोंगरांतील गावांशी असा करार केला आणि गाळणी प्रकल्पावर अब्जावधी डॉलर ओतण्याऐवजी जमीन खरेदी, गावांची सांडपाणी व्यवस्था आणि शेतीतील सुधारणा यांवर खर्च केला. शेतकऱ्यांना दटावून पाणी स्वच्छ झाल्याचे उदाहरण मला तरी आढळलेले नाही.

राहिला आपुलकीचा प्रश्न. व्याख्याने आणि फलक यांवर माझा फारसा भरवसा नाही. त्यापेक्षा आपल्या गटाला पाणी कमी असताना एखाद्या लहान उपनदीच्या पात्रातून वरच्या दिशेने चालत न्या. पाण्यातले दगड हलकेच उलटून पाहायला सांगा, आणि पाहून झाल्यावर ते होते तसे परत ठेवा. खाली निरनिराळ्या कीटकांच्या अळ्या चिकटलेल्या दिसल्या, तर पाण्यात प्राणवायू चांगला आहे. केवळ गाळात वळवळणाऱ्या तांबड्या अळ्याच उरल्या असतील, तर तो बराच कमी झालेला आहे.

आणि पुढच्या मोहिमेपूर्वी एक काम करा. पहिला जोरदार पाऊस झाला की, पूर ओसरू लागल्यावर, सुरक्षित जागी उभे राहून प्रत्येक उपप्रवाहाचे पाणी सारख्या आकाराच्या पारदर्शक बाटल्यांत भरा, बाटलीवर ठिकाण लिहा आणि त्या दोन दिवस न हलवता ठेवा. तळाशी बसलेल्या गाळाची जाडी पट्टीने मोजा. ज्या बाटलीत गाळ सर्वाधिक असेल, त्या प्रवाहाने वर चालत जा. कोठे उतार उघडा पडला आहे, कोठे रस्त्यासाठी डोंगर कापला आहे किंवा कोठे काठापर्यंत नांगरट झाली आहे, हे दिसेल. मग ती जमीन कसणाऱ्यांकडे, बाटली सोबत घेऊन, बोलायला जा.