जास्वंदीवरची कोळीण आणि हातात न येणारा फोकस

मागच्या अंकात बागेतल्या कोळ्यांचे जवळून फोटो काढून बघा असं लिहिलं होतं, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं अख्खं सदर त्यांनाच देतेय. बहुतेक पत्रं ठाणे आणि नवी मुंबईचीच आहेत. ऑक्टोबर चालू आहे, सोसायटीच्या कुंपणावर, जास्वंदीत, तगरीत, घाणेरीच्या झुडपात आत्ता जाळीच जाळी आहेत आणि थंडी पडेपर्यंत त्यातली बरीचशी दिसेनाशी होतील, म्हणून जरा घाईनेच उत्तरं देते.

ताई, आमच्या बिल्डिंगखाली जास्वंदीवर पिवळ्या पट्ट्यांचा मोठा कोळी बसलाय, जाळ्यात पांढऱ्या दोऱ्याने नागमोडी एक्स काढलाय. मोबाईलने वीसेक फोटो काढले, प्रत्येकात मागची कंपाउंड वॉल एकदम शार्प आणि कोळी धूसर. नवीन मोबाईल घ्यावा लागेल का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

अजिबात घेऊ नका. तुमच्याकडे आहे ती सिग्नेचर स्पायडर, आणि ती मादी आहे. नर अगदी बारका, तपकिरी, जाळ्याच्या कडेला कचऱ्याचा कण अडकल्यासारखा दिसतो, उद्या नीट बघा, कदाचित तोही सापडेल. त्या पांढऱ्या एक्सवरूनच तिला सिग्नेचर म्हणतात, जणू खाली सही केलीये. ती डोकं खाली करून मधोमध बसते आणि पाय दोन-दोन जोडून त्या एक्सच्या रेषेत धरते, त्यामुळे पहिल्यांदा बघणाऱ्याला चारच पाय दिसतात. तो एक्स कशासाठी यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही, काही म्हणतात त्याने किडे ओढले जातात, काही म्हणतात पक्ष्यांना जाळं दिसावं आणि त्यांनी त्यातून उडू नये म्हणून.

आता फोकस. मोबाईलला बारीक दोरे आणि त्यावरचा छोटा जीव पकडता येत नाही, त्याला मोठी आणि ठळक वस्तू हवी असते, ती म्हणजे तुमची भिंत. एक सोपा उपाय करा, कोळिणीपासून मोबाईल जितका लांब धरणार तितक्याच अंतरावर स्वतःचा तळहात धरा, स्क्रीनवर तळहातावर बोट दाबून ठेवा म्हणजे फोकस लॉक होईल, मग हात काढा आणि मोबाईल तिच्यासमोर नेऊन अगदी हळू मागेपुढे करा, ती शार्प दिसली की क्लिक. मॅक्रो मोड, म्हणजे अगदी जवळून काढायचा मोड, शक्यतो वापरू नका, बऱ्याच मोबाईलमध्ये तो अल्ट्रावाइड लेन्सवर चालतो आणि त्यासाठी दोन-तीन सेंटिमीटरवर जावं लागतं, मग मोबाईलचीच सावली तिच्यावर पडते. दोन पावलं मागे राहून टू एक्सवर काढा. आणि भिंतीसमोर उभं राहण्यापेक्षा बाजूला सरका, म्हणजे मागे लांबची झाडं येतील.

अजून एक गोष्ट, जी मला कळायला दोन पावसाळे गेले. या कोळिणीला आपण डोळ्यांनी फारसे कळत नाही, कळतो तो जाळ्याचा हादरा. मी श्वास सोडला की जाळं हलायचं आणि ती झोके घ्यायला लागायची, जाळ्यासकट इतकी जोरात की फोटोत नुसता पिवळा फराटा यायचा, आणि मी मात्र वाऱ्याला दोष देत होते. आता तोंड बाजूला वळवून श्वास सोडते, श्वास संपल्यावर जो एक क्षण मिळतो त्यात बटण दाबते. ती हलायला लागली तर थांबा, दोन मिनिटांत परत शांत होते.

माझ्याकडे साधा डीएसएलआर आणि १८-५५ ची किट लेन्स आहे. मॅक्रो लेन्स परवडत नाही. काही जुगाड?
– एक वाचक, ऐरोली

आहे ना, आणि चांगला आहे. तीच लेन्स उलटी लावायची. रिव्हर्स रिंग म्हणून एक कडं मिळतं, काही शे रुपयांत, त्याने लेन्सचं पुढचं तोंड कॅमेऱ्याला बसतं. गंमत अशी की उलट्या लेन्सवर १८ ला सगळ्यात मोठं दिसतं आणि ५५ ला कमी, म्हणून सुरुवात ५५ नेच करा, १८ वर तर कोळ्याच्या फारच जवळ जावं लागतं. अडचण ऍपर्चरची, म्हणजे लेन्समधल्या उजेड आत येण्याच्या छिद्राची, उलट्या लेन्सवर ते कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. कॅनन डीएसएलआर असेल तर लेन्स सरळ लावून एफ ८ (हे त्या छिद्राचं माप) सेट करा, डेप्थ ऑफ फील्ड प्रिव्ह्यूचं बटण दाबून ठेवा आणि दाबलेलं असतानाच लेन्स काढा, ऍपर्चर तिथेच अडकून राहतं. जुन्या लेन्सवर ऍपर्चरची रिंग असते, तशी कुणाकडे पडून असेल तर ती मागून घ्या, हा सगळा खटाटोपच वाचेल.

उलटी लेन्स नको असेल तर एक्स्टेंशन ट्यूब घ्या, त्यात काच नसते, लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी असते फक्त. काच नाही म्हणजे काचेने क्वालिटी बिघडायचा प्रश्नच नाही. ५५-२५० किंवा तसली झूम लेन्स असेल तर रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे पुढे चिमट्यासारखं अडकवायचं भिंग, ते मला सगळ्यात जास्त आवडतं, कारण कोळ्यापासून लांब राहता येतं.

पण हे सगळं घेऊनही पहिले शंभर फोटो धूसर येणार, त्याची तयारी ठेवा. वस्तू सेन्सरवर तिच्या खऱ्या मापाची दिसते तेव्हा, म्हणजे वन इज टू वनला, एफ ८ वरसुद्धा शार्प भाग जेमतेम एक मिलिमीटरचा असतो. म्हणजे डोळे आले तर पोट गेलं. त्यामुळे ठरवायचं, पाठीवरचे पट्टे हवेत तर कॅमेरा पाठीला अगदी समांतर धरायचा, तोंड हवं असेल तर फक्त डोळ्यांवर फोकस ठेवायचा आणि बाकी सगळं धूसर होऊ द्यायचं. ऑटोफोकस बंद करा, रिंग एका जागी ठेवा आणि स्वतःच कमरेतून हळूहळू पुढेमागे व्हा, डोळे चमकले की क्लिक. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, तिथे सगळंच मऊ पडायला लागतं.

मॅम, मी अकरावीत आहे. आमच्या खिडकीच्या ग्रिलवर उड्या मारणारा छोटा कोळी येतो, फ्लॅश मारला की डोळ्यांत पांढरा ठिपका आणि मागे काळाकुट्ट अंधार. डोळे क्यूट दिसतच नाहीत.
– नेरूळ, नवी मुंबई

तुझा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण हा माझा सगळ्यात लाडका कोळी. तो जाळं लावून बसत नाही, बघून, अंदाज घेऊन झडप घालतो. आठ डोळे, त्यातले पुढचे दोन टपोरे. त्या डोळ्यांची भिंगं जागची हलत नाहीत, आतला पडदा हलतो, त्यामुळे जवळून बघितलंस तर डोळ्याचा रंग मधेच काळा, मधेच फिकट होताना दिसेल. आणि तुला माहीत आहे का, ठाणे-कल्याण भागातून या कुळातली एक नवीन जात सापडली तिला २०२१ साली आयसियस तुकारामी नाव दिलं, २६/११ च्या रात्री कसाबला पकडताना शहीद झालेल्या तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून. आपल्या घराजवळच्या भिंतीवर काय बसलेलं असेल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येकाचा फोटो काढायचा.

फ्लॅशचा प्रॉब्लेम असा की तो कोळ्याच्या मानाने टिचभर आणि लांब आहे. प्रकाश मोठा कर आणि जवळ आण. नवीन टीव्ही किंवा मिक्सरच्या पॅकिंगमध्ये पातळ पांढरी फोमची शीट येते ना, ती घे, फ्लॅशपासून लेन्सच्या टोकापर्यंत कमान करून चिकटव, कोळ्याच्या डोक्यावर पांढरं आभाळ आल्यासारखं झालं पाहिजे. मग डोळ्यांत टोचणाऱ्या ठिपक्याऐवजी मऊ पांढरी खिडकी दिसते, तुला हवा तो जिवंतपणा त्यातूनच येतो. शटर १/२००, आयएसओ २०० पासून सुरू कर. मागचा अंधार म्हणजे फ्लॅशचा उजेड तिथपर्यंत पोचतच नाही, तर ग्रिलच्या मागे दहा-पंधरा सेंटिमीटरवर कुंडीतलं एखादं मोठं पान सरकव, मागे हिरवं येईल. आईला पान धरायला सांग. आणि तो तुझ्याकडे वळून बघेल, नक्की बघेल, तोच फोटो घे.

कोळी डबीत घालून थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवला की हलत नाही असं एका ग्रुपवर सांगितलं. आणि जाळ्यावर स्प्रेने पाणी मारलं तर चालेल का?
– एक वाचक, खारघर

नाही. दोन्हीला नाहीच. कोळ्याचे पाय लांब होतात ते आतल्या द्रवाच्या दाबावर, जीव मलूल झाला की पाय आत दुमडतात. फ्रिजमधून काढलेल्या कोळ्याचा फोटो जाणकाराला त्या पायांवरूनच कळतो, आणि तुम्हालाही तो फोटो बघताना कायम माहीत असणार की हा कसा काढला. स्प्रेचं म्हणाल तर जाळं ही तिची त्या दिवसाची जेवणाची सोय आहे. गोल जाळी विणणाऱ्या बऱ्याच कोळिणी रोज नवं जाळं विणतात, जुनं रेशीम खाऊन परत वापरतात, इतकी ती काटकसर असते, त्यावर आपण फोटोसाठी पाणी मारायचं? सहाला उठून खाली या, दंव असेल तर आपोआप मिळेल, शिवाय सकाळी वारा पडलेला असतो. खाडीचा वारा दुपारपासून सुटला की जाळ्याचा फोटो विसरा.

आमच्याकडे सासूबाई आणि माळीकाका दोघंही म्हणतात विषारी असतात, झाडून टाका. काय सांगू?
– एक वाचक, कोपरी, ठाणे

विष असतंच, पण ते किड्यासाठी. सिग्नेचर स्पायडरपासून माणसाला धोका नाही, ती स्वतःहून अंगावर येत नाही, हाताने पकडून दाबली तरच चावण्याची वेळ येते. सासूबाईंना एकदा खाली घेऊन जा, मोबाईलवर मोठं करून पट्टे दाखवा. माझ्या आईचा विरोध तिथेच संपला, आता तीच मला हाक मारते, अगं तुझी बाई आज टोळ खातेय. माळीकाकांना एवढंच सांगा की जाळं असलेली एक फांदी महिनाभर छाटू नका. मागच्या वर्षी मी सांगायला एक दिवस उशीर केला आणि आमच्या इथली पूर्ण जास्वंद साफ झाली, सहा आठवडे रोज बघितलेली कोळीण गेली. अजून वाईट वाटतं.

बागेपलीकडे कुठे जाऊ?
– बरेच जण

ओवळेकर वाडीचं फुलपाखरू उद्यान, तिथे झुडपं भरपूर. येऊरला वाटेवर डोक्याच्या उंचीला जायंट वूड स्पायडरची प्रचंड जाळी असतात, उन्हात दोरा सोन्यासारखा पिवळा दिसतो, म्हणून चालताना समोर बघा नाहीतर जाळं तोंडावर यायचं आणि तिची सगळी मेहनत जायची. येऊर संजय गांधी नॅशनल पार्कच्या हद्दीत आहे, वेळा आणि नियम गेटवर विचारून पाळा. पण खरं सांगू, पहिला महिना तरी घराखालचं एकच झुडूप धरा, रोज तीच कोळीण.

दोन महिने जिचे फोटो काढले ती चार दिवसांपासून दिसत नाही. मेली का?
– एक वाचक, वाशी

बहुतेक हो. पण आजूबाजूच्या पानांच्या खाली, फांद्यांच्या बेचक्यात बघा, रेशमाची छोटी पिशवी लटकलेली असेल, त्यात तिची अंडी. हात लावू नका, लांबून एक फोटो काढून जागा लक्षात ठेवा आणि रोज जाता-येता नजर टाका. पिल्लं बाहेर आली की सुरुवातीला सगळी एकत्र घोळक्याने लटकतात, टाचणीच्या डोक्यापेक्षा लहान, मग एकेक करून वर चढतात, दोरा सोडतात आणि वाऱ्यावर निघून जातात. रेनॉक्स असेल तर तेव्हा खिशात ठेवा, आणि तो घोळका मिळाला तर मला नक्की पाठवा, मला आजवर एकदाही मिळालेला नाही.